अंबादासचं पुडकं

१२ मार्च २००१, सोमवार. दुबई

सोड्यांनी घात केला! कस्टमवाल्याने बॅग उघडली, अंबादासचं पुडकं दोन बोटांत धरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही मेलेलं घेऊन आले आहे. मेलेलंच होतं – सुकवलेली कोलंबी. "फूड. फॉर अ वर्किंग मॅन," मी म्हटलं, नन्सनी घोटून घेतलेल्या इंग्रजीत. सोडलं.

धनंजय घ्यायला आला होता. सख्ख्या बहिणीचा मुलगा, पण इतकी वर्षं इथे धंदा करतो आहे आणि मावशी कधी आठवली नाही. मागच्या महिन्यात एकदम फोन – "कुमुदमावशी, रिटायर झालीस ना, ये, तुला दुबई दाखवतो." तिकीट त्याचं, व्हिसा त्याचा. चिपळूणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझा जन्म गेला. गोड आवाज आला की माझे कान उभे राहतात. तरी आले. फुकटचं कोण सोडतं!

गाडी मोठी. सीटची कव्हरं कोरी, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. चालवायला महादू म्हणून आहे – गुहागरकडचा, धनंजयच्याच कंपनीतला. पहिल्याच वाक्याला मला मावशी म्हणाला. मी ह्याची कुठली मावशी?

फ्लॅट अल मनखूलला. ऋता, म्हणजे धनंजयची बायको, दारातच नाकाला पदर लावून उभी. पदर नव्हताच, ओढणी होती. "मावशी, काय आहे हो हे? फ्लॅटभर वास सुटेल." पुडकं परत गाडीच्या डिकीत गेलं.

पुडकं नर्मदेचं. नर्मदा आमच्या दारावर भाजी घेऊन येते. तिचा नवरा अंबादास इथे धनंजयकडे कामाला आहे – चार वर्षांपूर्वी तीच माझ्या गळ्यात पडली होती आणि मीच धनंजयकडे शब्द टाकला. निघताना पुडकं घेऊन आली. कुळथाचं पीठ, कोकमं आणि सोडे. "बाई, ह्यांच्याच हातात द्या. दुसऱ्या कोणाच्या नको." पुन्हा फाटकापर्यंत येऊन तेच. पुन्हा रिक्षापाशी तेच! एवढी वर्षं लोकांचे निरोप पोचवले, मला शिकवते!

धनंजयला म्हटलं, अंबादासला बोलाव. "उद्या, मावशी. साइट लांब आहे त्याची."

१३ मार्च, मंगळवार

दुबईदर्शन. मी आणि महादू. बाकी सगळे बिझी.

क्रीक पाहिली. म्हणजे खाडीच. आमच्या दाभोळच्या खाडीला कोणी एवढं मिरवलं असतं तर! लाकडी नावेला अब्रा म्हणतात. आत पठाण, बंगाली, मल्याळी, सगळे मांडीला मांडी लावून. मी बसले तर बाजूचे दोघे उठून उभे राहिले. मॅनर्स आहेत. आमच्या एस.टी.त कोणी उठत नाही.

मग किल्ल्यातलं म्युझियम. तळघरात जुन्या दुबईतली माणसं उभी केली आहेत, पुतळे. मोती काढणारे, गोणी वाहणारे, लोहार. त्यांच्यावर मंद दिवे, मागून हातोड्याचे आवाज. केवढी कदर! बाहेर सिग्नलला एक बस उभी होती. खिडक्यांना जाळ्या, आत निळ्या कपड्यांतली माणसं माना टाकून झोपलेली. त्यांच्यावर कोण दिवा लावतो!

महादूला विचारलं, "अंबादास असल्याच बसने जातो का रे?" त्याने नुसता एसी वाढवला. मला शाल घ्यावी लागली.

संध्याकाळी धनंजय – "उद्या नक्की, मावशी."

१४ मार्च, बुधवार

सोन्याचा बाजार. ऋता प्रत्येक बांगडीची किंमत आधी दिरहममध्ये सांगते, मग तेराने गुणून रुपयांत, मग माझ्या चेहऱ्याकडे बघते. मी चेहरा हलवला नाही.

रात्री जेवताना पर्णिकाला म्हटलं (धनंजयची मुलगी, दहा वर्षांची आहे, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत बोलते), "तुझ्या पप्पाला सांग, अंबादासला बोलाव म्हणून." तर कार्टी म्हणते, "पप्पा सेड वी डोन्ट टॉक अबाउट हिम." ऋताच्या हातातला डाव आमटीत पडला. "मावशी, कोथिंबीर घाला ना वरून," म्हणाली. आमटी ताटात आल्यावर!

काय केलं असेल अंबादासने? चोरी? दारू? असं असेल तर मी शिफारस केलेला माणूस आहे, मला तोंडावर सांगावं.

१५ मार्च, गुरुवार

वाळवंट सफारी. परत करणार नाही.

वाळूच्या टेकडीवर गाडी चढवतात आणि मुद्दाम खाली सोडतात. ह्याचे पैसे घेतात! बाजूच्या सुरतेच्या बाई पिशवीत ओकल्या. मी 'हेल मेरी' म्हटलं, हिंदू असून. शाळेत सक्तीने पाठ केलेलं आज कामाला आलं. मग तंबूत नेऊन एक बाई पोट हलवून नाचली आणि आमच्यातले सगळे काका एकदम ताजेतवाने झाले.

धनंजय आज बरोबर होता. भारी काळजी. "मावशी, ज्यूस घे. मावशी, पाय वर घे. मावशी, इथे फोटो काढू." पाच वेळा अंबादासचं नाव काढलं, पाच वेळा उंट दाखवला.

१६ मार्च, शुक्रवार

 हे अक्षर बघून शाळेतल्या सिस्टर बर्नाडेटने पट्टी मारली असती.

सकाळी बर दुबईच्या देवळात गेले. शुक्रवार म्हणजे इथला रविवार. बाहेर गल्लीत कार्डाचे फोन, प्रत्येक फोनपुढे माणसांची रांग. महादू म्हणाला, "मावशी, पाच मिन्टं. घरी फोन लावतो." गाडीत बसून राहिले. ऊन तापलं तशी उतरले आणि सावलीसाठी म्हणून त्याच्या मागच्या खांबाशी जाऊन उभी राहिले. तोंडावर रुमाल धरून बोलत होता –

"आये, मी. अंबा. व्हय, घसा बसलाय अजून. जेवतो गं, जेवतो. दे तिच्याकडं जरा... हां. व्हय, बाई भेटल्या. पुडकं दिलं की हातात. सोडे एक नंबर! काल रूमवर केले, सगळ्यांनी बोटं चाटली."

पुडकं समोर उभ्या गाडीच्या डिकीत होतं!

मला वाटलं, लबाडी आहे. अंबादासच्या नावाने त्याच्या बायकोकडून काही उकळतो आहे. फोन ठेवल्याबरोबर मी त्याची कॉलर धरली. माझ्या वयाच्या बाईने, भर रस्त्यात! "कोण रे तू अंबादास? लाज नाही वाटत?" रांगेतला पठाण म्हणाला, "छोडो अम्मा, गरीब आदमी है." मी त्यालाही सुनावलं.

"मावशी, गाडीत बसा. सांगतो. आधी गाडीत बसा."

बसले.

अंबादास नाही. फेब्रुवारीतच गेला.

अल क्वोजला एका गोडाऊनच्या छपरावर पत्रे बदलत होते. उजेडासाठी मधेमधे प्लास्टिकचे पत्रे असतात. वर धूळ बसली की ओळखू येत नाहीत. पाय पडला आणि आरपार खाली आला. शुद्धीवर होता. पाणी मागितलं. धनंजय तिथेच होता. हॉस्पिटलात न्यायचं तर पोलीस येणार, कमरेला बांधायचा पट्टा का नव्हता विचारणार. म्हणाला, मुका मार आहे, रूमवर ने, झोपला की बरं वाटेल. सकाळी उठवायला गेले तर खलास. कंपनीने सांगितलं, झोपेत गेला. तेव्हापासून शवागारात आहे.

"रूमवर नेला कशातून?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"ह्याच गाडीतनं, मावशी. मागच्या सीटवर. मीच चालवत हुतो."

सोमवारपासून त्या सीटवर बसून मी दुबई बघते आहे. कव्हरं कोरी का, ते कळलं.

"आणि हे फोनचं नाटक? हेही धनंजयने सांगितलं?"

"नाय ओ. साहेब म्हणालेले, मी सांगेपर्यंत घरी कळवायचं नाय. पण मला ऱ्हावलं नाय. पयल्या शुक्रवारी सांगायलाच लावला हुता फोन. त्याच्या आयशीनं उचलला. नुसती 'अंबा? अंबा?' करायला लागली. तोंडातनं 'व्हय आये' निघालं. एकदा निघालं ते परत आत कसं घालू?"

मी म्हटलं, तू भेकड आहेस. म्हटलं, तू त्या बाईला दर आठवड्याला नव्याने फसवतो आहेस. म्हटलं, पुढच्या शुक्रवारी फोनला हात लावलास तर याद राख! रडला. तोच रुमाल डोळ्यांना लावून.

मी रडले नाही. मला फार राग आला की रडू येत नाही.

१७ मार्च, शनिवार

ऋताला सांगितलं की जुमेराचा समुद्र बघायला जाते. महादूला सांगितलं, अल क्वोजला, अंबादासच्या रूमवर.

एका खोलीत दोनमजली खाटा. अर्धी माणसं कामावर, रात्रपाळीची झोपलेली. मी आत गेले तसे सगळे धडपडून उठले, कोणी लुंगी सावरतोय, कोणी शर्ट शोधतोय. एकुलती एक खुर्ची मला. सेव्हन-अपचा कॅन उघडून हातात. एक दाढीवाला – हनीफ, दापोलीचा – माझं बोलणं ऐकून म्हणाला, "तुम्ही चिपळूण एक्स्चेंजच्या बाई ना? 'लाइन धरून ठेवा' म्हणायच्या! एकदा माझ्यावर खेकसला होतात." असेन. सगळ्यांवरच खेकसायचे.

अंबादासची खाट दाखवली. वरची. तिच्यावर दुसरा माणूस झोपला होता, तोंड भिंतीकडे करून. नवीन आला आहे. त्याला सांगितलेलं नाही, हनीफ हळू म्हणाला. सांगितलं तर झोपेल कुठे?

कोणी काही मागितलं नाही. निघताना हनीफ एवढंच म्हणाला, "माती घरची मिळाली पाहिजे, बाई. तुमच्यात आग म्हणा. पण घरची."

१८ मार्च, रविवार

धनंजयला ऑफिसात जाऊन गाठलं. घरी गाठलं असतं तर ऋताने कोथिंबीर पुढे केली असती.

"आवाज कमी कर, मावशी, बाहेर स्टाफ आहे."

"स्टाफला माहीत नाही असं वाटतं तुला?"

पहिल्यांदा नाहीच म्हणाला. मग म्हणाला, महादूची नोकरी खलास. मी म्हटलं, त्याच्या केसाला धक्का लावलास तर मी वकिलातीच्या पायरीवर जाऊन बसेन, चटई घेऊन. मग एकदम खुर्चीत बसला आणि त्याचा चेहरा लहानपणी पाटी फोडून आल्यावर व्हायचा तसा झाला. "मला खरंच वाटलं गं, मुका मार आहे. बोलत होता तो. मी काय खुनी आहे?"

"यू आर अ कावर्ड, धनंजय." मी संतापले की इंग्रजीत जाते.

मग खरं बाहेर आलं. मला का बोलावलं ते.

आमच्याकडे मरणाचा निरोप फोनवर देत नाहीत. एक्स्चेंजमध्ये मी किती ऐकले असतील – "सिरियस आहे, निघून ये," एवढंच. पुढचं सांगायला कोणीतरी वडीलधारं घरी जातं, चपला काढतं, पाणी पितं आणि मग तोंड उघडतं. त्याचा शब्द मानतात. उलट प्रश्न विचारत नाहीत. धनंजयने तसं वडीलधारं शोधलं आणि त्याला विमानाचं तिकीट पाठवलं! ती नाव, तो उंट, तो ज्यूस – सगळी माझी आगाऊ बिदागी.

"तू फक्त सांग, झोपेत गेला, त्रास झाला नाही. त्याचा भाऊ संमती देईल आणि इन्शाल्ला आठवड्यात बॉडी घरी. सगळा खर्च माझा. तू छपराचं बोललीस तर ते केस करतील. करू देत. मग तो वर्षभर इथेच शवागाराच्या खणात पडून राहील. कंपनी बसली तर ती खोलीतली माणसं पण परत. तुझ्याच जिल्ह्यातली आहेत. प्रॅक्टिकल हो, मावशी."

आणि जाता जाता, अगदी मऊ आवाजात, "तुझ्याच शब्दावर मी त्याला घेतलं होतं ना? तुझं ऐकतील ते."

मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. 

१९ मार्च, सोमवार

पडून राहिले. ऋताने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही म्हणाली. निराश वाटली.

२० मार्च, मंगळवार

ग्लोबल व्हिलेजची तिकिटं काढलेली होती. गेले. सगळे देश एका मैदानात. भारताच्या तंबूत लोणची आणि चटया.

पर्णिका माझा हात धरून चालत होती. मधेच म्हणाली, "आजी, आर यू मॅड ॲट पप्पा?" मी म्हटलं, "येस." थोडं चालल्यावर, "मी टू."  त्या घरात तेवढंच एक माणूस आहे.

मोठा पाळणा फिरत होता, दिवे लागत होते, आणि माझ्या डोक्यात एकच. खरं सांगितलं तर तो घरी यायचा नाही. खोटं सांगितलं तर येईल, पण ती जन्मभर म्हणत राहील, झोपेत गेले, सुखाने गेले. नन्स म्हणायच्या, खरं बोलणाऱ्याला देव वाट दाखवतो. त्यांना नवरे नव्हते आणि त्यांना प्रेतं विमानाने आणायची नव्हती.

२२ मार्च, गुरुवार

निघाले. धनंजय विमानतळावर आला नाही, मीटिंग निघाली. पाया पडायचं राहिलं, बरंच झालं.

गाडीत पुढे बसले, महादूच्या शेजारी. मागे बसवेना. डिकीतून पुडकं काढून पर्समध्ये ठेवलं. ऋताने निघताना सुचवलं होतं, कचऱ्यात टाका. तिला सांगितलं, तुमच्या घरात टाकण्यासारखं पुष्कळ आहे, त्यापासून सुरुवात करा.

उतरताना महादू पाया पडला. "काय सांगनार, मावशी?"

"खरं. आणि तू उद्या फोन लावायचा नाहीस. कळलं?"

"व्हय."

इतकं ठाम बोलले. विमानात बसल्यावर ते सगळं पातळ झालं.

२३ मार्च, शुक्रवार. चिपळूण

आज नर्मदेकडे जायचं होतं. प्रवासाने पाय सुजले आहेत. उद्या.

२४ मार्च, शनिवार

उद्या.

२५ मार्च, रविवार

धनंजयचा फोन. "बोललीस का?" मी म्हटलं, उद्या. माझाच आवाज मला त्याच्यासारखा ऐकू आला. तोही असंच म्हणायचा, उंट दाखवत.

आणि नर्मदा भाजी घेऊन फिरकलीसुद्धा नाही. मी आल्याचं साऱ्या आळीला ठाऊक आहे.

२६ मार्च, सोमवार. पाडवा

नर्मदेच्या वाडीत घरोघर गुढ्या. हिच्या दारी नाही. म्हाताऱ्या सासूला तिने सांगितलं होतं, काठी मोडली.

चपला काढल्या, पाणी प्यायले, पुडकं पुढे ठेवलं. नर्मदेने माझ्याकडे पाहिलं नाही. पुडकं उलटसुलट केलं. गाठ तिचीच, तशीच.

"आमचे हे सोडे कधी खायचेच नाय, बाई. नुसता वास आला तरी उठून अंगणात जायचे. म्हणून तर मुद्दाम घातले, बघू फोनवर काय म्हणतात." मग म्हणाली, "घसा बसला म्हणतात तेव्हाच मला कळलं. पण आपल्या कानांवर इश्वास कसा ठेवायचा? कसे गेले?"

सांगितलं. पत्रा, गाडी, खोली, धनंजयने काय केलं आणि मला काय सांगायला पाठवलं, ते सगळं. मी सांगत असताना ती कुळथाचं पीठ डब्यात ओतत होती. एक कण सांडला नाही.

"भाऊजी बघतील काय करायचं ते," म्हणाली. "लागू दे किती दिवस लागतात ते." मग आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली केला.

"बाई, शुक्रवारी फोन आला नाय. म्हातारी शेजाऱ्यांच्या पडवीत सांजपर्यंत बसून. पाणी घेतलं नाय. तिला आता आवाज कळत नाय, कोणी आये म्हटलं तेवढंच कळतं. तुमची वळख आहे ना त्या माणसाशी? त्याला सांगा, ह्यांना घरी आणीपर्यंत तरी शुक्रवार चुकवू नको."